गजालीला चित्र कुठलं लावायचं? संवादावरच उभ्या असलेल्या मजकुरासाठी चित्र निवडायची माझी पद्धत

दोन माणसं बोलतायत, मजकुरात एवढंच आहे, मग चित्र कशाचं लावणार? हा प्रश्न मला दर वर्षी गणपतीच्या आधी पडतोच, कारण तेव्हाच मंडळांच्या स्मरणिका, दिवाळी अंकाचा मजकूर, बचत गटांच्या पुस्तिका असं सगळं एकदम येऊन पडतं. मी कुडाळला डीटीपी आणि मांडणीचं काम करते. आमच्याकडे येणारा निम्मा मजकूर तरी संवादच असतो. गजाली म्हणजे गप्पा, गाऱ्हाणी, बाजारातली घासाघीस, सोयरिकीची बोलणी, मुंबईच्या चाकरमान्याचा घरी आलेला फोन. ह्यात कोणी कड्यावरून पडत नाही, कोणाची होडी बुडत नाही, जे काय घडतं ते बोलण्यातच घडतं आणि म्हणूनच चित्र निवडताना हात अडकतो.

मग बहुतेक जण दोनपैकी एक करतात. एकतर समोरासमोर दोन डोकी आणि दोघांची तोंडं उघडी, नाहीतर सरळ समुद्रावरचा सूर्यास्त. पहिलं चित्र काहीच सांगत नाही कारण जगातला कुठलाही संवाद त्याखाली खपून जाईल, आणि दुसऱ्याचा मजकुराशी संबंधच नाही. ह्या दोन्हीतून बाहेर कसं यायचं ते मी काम करत करत शिकले, ते इथे जसं करते त्याच क्रमाने लिहितेय, म्हणजे शाळेतल्या बाई असोत की स्मरणिकेचे संपादक, कोणालाही वापरता येईल.

सगळ्यात आधी, मजकूर खरंच संवादावर उभा आहे का ते बघा

सोपी पद्धत आहे. अवतरणचिन्हातलं सगळं झाका आणि उरलेलं वाचा. रापणीच्या मासेमारीचं वर्णन असेल तर दोर ओढणारी माणसं, जाळं, वाळू, फडफडणारे मासे हे सगळं उरतं, त्याला चित्र आपोआप सापडतं, तिथे हा लेख नको. पण झाकल्यावर 'तो म्हणाला, ती म्हणाली, मग तो गप्प बसला' एवढंच उरलं तर पुढचं वाचा.

मोठ्याने वाचा, आणि दोघांनी वाचा

ही पायरी लोक गाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. संवाद डोळ्यांनी वाचला की अर्थ कळतो, पण कुठे थांबलं, कोण कोणाला तोडतंय, कुठे आवाज खाली आला हे कळत नाही, आणि चित्र नेमकं तिथेच लपलेलं असतं. एक मालवणीतलं उदाहरण घेऊ, पुढे सगळीकडे तेच वापरते.

"बांगडे कशे दिले गे काकी?"
"शंभराक धा."
"धा? काल बारा दिलंस."
"कालचो भाव काल गेलो."

चार ओळी. ह्यात घासाघीस आहे असं कोणीही सांगेल. पण दुकानातल्या मुलीबरोबर हे वाचून बघितलं तेव्हा लक्षात आलं की "काल बारा दिलंस" नंतर काकी लगेच बोलतच नाही, ती आधी माशांच्या पाटीकडे बघते, किती उरलेत ते मनात मोजते, आणि मग बोलते. गिऱ्हाईकही उठून जात नाही. म्हणजे दोघींना सौदा हवाच आहे. हे लिहिलेलं कुठेच नव्हतं, वाचल्यावर सापडलं.

वाचून झालं की एका ओळीत लिहून ठेवा, बोलणं सुरू होताना काय होतं आणि संपताना काय बदललं. इथे मी लिहिलं, 'आधी भाव पक्का होता, शेवटी भाव ढिला झालाय पण कबूल कोणी केलेला नाही.' चित्र ह्या ओळीचं निवडायचं. 'घासाघीस' ह्या शब्दाचं निवडायला गेलात की बाजाराचा कुठलाही फोटो चालतो असं वाटायला लागतं, आणि मग तो लागतोच.

बोलणाऱ्याला सोडा, ऐकणाऱ्याकडे बघा

संवादाच्या चित्रात आपला डोळा बोलणाऱ्यावर जातो. पण त्याचे शब्द तर मजकुरात छापलेलेच आहेत, त्याचं उघडं तोंड दाखवून वाचकाला नवीन काय मिळालं? ऐकणाऱ्याचे शब्द मात्र अजून आलेले नसतात. त्याच्या चेहऱ्यावर, हातात, खांद्यात जे चाललंय ते मजकुरात नाहीये, ते फक्त चित्रच देऊ शकतं. म्हणून मी फोटो निवडताना आधी विचारते, ह्यात ऐकतंय कोण?

दशावताराच्या फोटोंवरून हे मला फार चांगलं कळलं. आमच्याकडच्या दशावतारात लिहिलेली संहिता नसते, कथानक ठरलेलं असतं पण संवाद नट रंगमंचावर उभं राहून हजरजबाबीने बोलतात, मागे साधं बाकडं आणि बाजूला पेटी, पखवाज, झांज. जत्रेच्या स्मरणिकेसाठी फोटो आले की त्यात नव्वद टक्के तलवार उपसलेले राजे असतात, दिसतात झकास, पण लोक रात्रभर बसतात ते त्या शब्दांच्या चकमकीसाठी, आणि तलवारीच्या फोटोत ती चकमक नसते. एकदा एका फोटोत कडेला पेटीवाला आला होता, बोटं पट्ट्यांवर टेकलेली पण दाबलेली नाहीत, मान वर, डोळे नटावर. पुढचं वाक्य काय येणार हे त्यालाही माहीत नसतं, आणि वाक्य संपता संपता सूर उचलायचा असतो. तो फोटो मी तसाच कातरून मोठा केला, नट अर्धाच ठेवला. संवाद ऐन वेळी जन्माला येतो म्हणजे काय हे त्या मानेवरून कळत होतं.

ऐकणारा सापडत नसेल तर आणखी तीन ठिकाणी शोधते. एक, ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय ती वस्तू. बांगड्यांच्या उदाहरणात काकीचा हात आणि तिने बाजूला काढून ठेवलेले दहा बांगडे, आणि अकरावा अजून हातातच. दोन, माणसांमधलं अंतर. एकाच खळ्यात, म्हणजे अंगणात, बसलेले दोन भाऊ, एक तुळशीपाशी आणि एक पडवीच्या पायरीवर, एवढं दाखवलं की वाटणीची बोलणी चालली आहेत हे सांगावं लागत नाही. तीन, जागा. पण जागा मी शेवटी घेते, कारण नुसत्या जागेवर गेलं की परत सूर्यास्ताच्या वाटेला लागायची भीती असते.

क्षण कुठला पकडायचा

प्रश्न विचारून झालाय आणि उत्तर यायचंय, त्या मधल्या जागेतला. उत्तरानंतरचा क्षण घेतलात तर चित्र निकाल सांगून टाकतं आणि वाचक पानावर आल्या आल्या शेवट बघून मोकळा होतो, कारण चित्र आधी दिसतं आणि मजकूर नंतर वाचला जातो. सोयरिकीच्या बोलणीला पेढे भरवतानाचा फोटो लावलात की मग ती चार पानांची बोलणी कोण वाचणार?

हे शिकायला आम्हाला लांब जावं लागत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे, परशुराम गंगावणे यांना ह्याच कलेसाठी २०२१ चा पद्मश्री जाहीर झाला. एकेका कथेची एकेक पोथी, म्हणजे सुट्या चित्रांचा क्रमाने लावलेला गठ्ठा, आणि सांगणारा एक एक चित्र समोर धरून गातो, बोलतो, पात्रांचे संवाद म्हणतो. चित्रात एक अक्षरही बोललेलं नसतं. पात्रं बहुतेक बाजूने काढलेली, मोठे डोळे, एकमेकांकडे तोंड केलेली, हात उचललेले. बोलणं सांगणाऱ्याच्या तोंडी आणि कोण कोणासमोर कुठल्या आवेशात उभं आहे ते चित्रात, अशी कामाची वाटणी आहे. आपल्या पुस्तिकेत सांगणाऱ्याच्या जागी छापलेला संवाद आहे, बाकी वाटणी तीच. अडलात तर पिंगुळीला जाऊन ती चित्रं प्रत्यक्ष बघा, एका चित्रावर सांगणारा किती वेळ बोलतो ते घड्याळ लावून बघा, म्हणजे एका चित्राला किती संवाद पेलतो ह्याचा अंदाज येईल.

समोरचा दिसतच नसेल तर

आमच्याकडचे दोन संवाद असे आहेत की त्यात एक बाजू दिसत नाही, आणि चित्र निवडायला मला तेच सगळ्यात कठीण आणि सगळ्यात आवडते वाटतात.

पहिलं गाऱ्हाणं. देवासमोर नारळ ठेवून एक जण सगळ्यांच्या वतीने बोलतो, आणि प्रत्येक वाक्याला मागचे सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. इथे देवाचा फोटो लावला तर ती मूर्तीची माहिती होते आणि घालणाऱ्याचा क्लोजअप लावला तर ते भाषण वाटतं. गाऱ्हाण्याचा प्राण त्या "व्हय म्हाराजा" मध्ये आहे, म्हणजे चित्रात मागची माणसं हवीत. जोडलेले हात, त्यात एखाद्याच्या हाताला अजून चिखल आहे, एक लहान पोर मोठ्यांकडे बघून म्हणतंय. फोटोग्राफर शक्यतो घालणाऱ्याच्या पुढून काढतो, मी सांगते की बाजूला उभा राहून मागच्या रांगेवर फोकस कर.

दुसरा कौल. पाषाणावर पाण्याने फुलाच्या कळ्या नाहीतर पाकळ्या लावतात, प्रश्न विचारतात, आणि उजवीकडचं पडलं तर उजवा कौल, देव होय म्हणाला. हा अख्खा संवादच आहे, प्रश्न माणसाचा आणि उत्तर एका पाकळीचं. पाकळी पडतानाचा फोटो सगळ्यांना हवा असतो, पण तो क्षण उत्तराचा आहे. त्याच्या आधीचा घ्या, पाकळ्या सगळ्या जागच्या जागी, आणि बघणाऱ्यांच्या माना पुढे झुकलेल्या. पाठमोऱ्या माणसांचा फोटो सुद्धा चालतो इथे, उलट जास्त चालतो, कारण वाचकही त्या रांगेत मागे उभा असल्यासारखा होतो. आणि एक महत्त्वाचं, गाभाऱ्यात फोटो काढायचा का हे गुरव आणि मानकऱ्यांना विचारल्याशिवाय ठरवायचं नाही, नाही म्हणाले तर नाही. तिथे रेखाचित्र करून घ्यायचं, तेही त्यांना आधी दाखवून.

फोनवरचं बोलणं पण ह्याच जातीचं आहे. एका कथेत हे होतं:

"आये, रिझर्वेशन गावला नाय."
"मगे?"
"बघतंय काय होता ता."
"बाबांनी माटवी बांधूक घेतली हा."

आई 'ये' म्हणत नाहीये, रागवत पण नाहीये, ती फक्त माटवीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्या चौकटीचं, सांगते. लेखकाने सोबत रेल्वे स्टेशनवरच्या गर्दीचा फोटो पाठवला होता. मी विचारलं की बोलण्याचा भार कुठे आहे? शेवटच्या ओळीवर. मग आमच्या चित्रकार मुलाने अर्धी बांधलेली माटवी काढली, एका बाजूला नारळ, कवंडळ आणि आंब्याचे टाळे लागलेत, दुसरी बाजू रिकामी, खाली स्टुलावर मोबाईल स्पीकरवर ठेवलेला. माणूस एकही नाही. माझ्या हातून झालेल्या कामातलं मला सगळ्यात पटलेलं चित्र अजूनही हेच आहे.

एकापेक्षा जास्त चित्रं किंवा संवादाचे फुगे असतील तेव्हा

कॉमिकसारखी पट्टी करायची असेल तर थोडे नियम पाळावेच लागतात, नाहीतर वाचक गोंधळतो. आपण डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली वाचतो, त्यामुळे जो आधी बोलतो तो डावीकडे ठेवायचा, किंवा निदान त्याचा फुगा वर आणि डावीकडे. पहिल्या चौकटीत काकी उजवीकडे असेल तर पुढच्या चौकटीतही ती उजवीकडेच, मध्येच बाजू बदलली की नवीन माणूस आला असं वाटतं. सिनेमावाले ह्याच कारणासाठी दोन पात्रांच्या मधली एक रेघ मनात धरतात आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवतात. फुग्याचं शेपूट तोंडाच्या दिशेने जायला हवं, डोक्याकडे किंवा छातीकडे नाही.

फुग्यातल्या देवनागरीचं वेगळं बघावं लागतं. आपल्या अक्षरांना वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार, म्हणून दोन ओळींमध्ये जागा जास्त लागते, मी अक्षराच्या आकाराच्या दीडपट तरी ठेवते. फुगा आडवा पसरट असेल तर दोन ओळींतच भरतो, म्हणून आधी मजकूर टाईप करून बघायचा आणि मग त्याभोवती फुगा काढायचा. मी एका फुग्यात बारा-पंधरा शब्दांच्या वर जात नाही. फॉन्ट युनिकोडच घ्या, 'बालू' किंवा 'कलम' सारखे मोकळे फॉन्ट फुकट मिळतात आणि फुग्यात छान दिसतात. फोटोशॉपमध्ये वेलांटी भलत्याच अक्षरापुढे गेली किंवा जोडाक्षर फुटलं तर फॉन्टला दोष देऊ नका, टाईपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा किंवा वर्ल्ड-रेडी कंपोजर चालू करा, बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतं.

मालवणी लिहिताना एकच काळजी, 'माका' लिहिलंत तर शेवटपर्यंत 'माका', मध्येच 'मला' नको.

फोटो की रेखाचित्र?

माझं मत सरळ आहे. माणूस खरा असेल, म्हणजे मुलाखत किंवा आठवण असेल तर फोटो. पात्र कल्पनेतलं असेल तर रेखाचित्र. कल्पनेतल्या काकीच्या संवादाखाली बाजारातल्या खऱ्या काकीचा फोटो छापला की ते शब्द तिच्या तोंडी जातात, आणि ती ते बोललेली नसते. उद्या कोणी तिला विचारलं की तू असं बोललीस काय, तर ती काय सांगणार? हे मी अजिबात करत नाही. फक्त हात, पाटी, पाठ दिसत असेल तर ठीक, तेही विचारून.

रेखाचित्र असो की फोटो, इथलं असायला हवं आणि त्या दिवसांतलं असायला हवं. ह्यात मी एकदा फसले. आषाढातला संवाद होता, तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, आणि त्याचा मुलगा घरात बसून बोलतायत, कर्जाचा विषय. मी वर ट्रॉलर समुद्रात चाललेत असा सुंदर फोटो लावला आणि अंक छापून झाला. मालवणच्या एका आजोबांनी अंक हातात घेतला, बोट ठेवलं आणि विचारलं, "पावसात ही होडी खंय चल्ली?" पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, आणि माझ्या संवादातला सगळा ताण तेवढ्यासाठीच तर होता, होड्या किनाऱ्यावर आहेत म्हणून घरात पैसा नाही. म्हणजे चित्राने संवादाच्या मुळावरच घाव घातला होता. तिथे पाहिजे होती वर ओढून ठेवलेली, नारळाच्या झापांनी नाहीतर निळ्या ताडपत्रीने झाकलेली होडी. तेव्हापासून संवाद कुठल्या महिन्यातला आहे हे मी कागदावर सगळ्यात वर लिहिते.

तसंच जागेचं. दापोलीजवळच्या हर्णैच्या मासळी लिलावाबद्दलच्या संवादाला रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीचा फोटो लावू नका. हर्णैला वाळूवर ढीग मांडून बोली लागते, होडीतून उतरवलेली मासळी बैलगाडीतून किनाऱ्याला आणायची तिथली जुनी पद्धत आहे, आणि मिरकरवाडा म्हणजे बंदर, धक्का, क्रेट. दापोलीचा वाचक एका सेकंदात ओळखतो, आणि एकदा चित्र खोटं वाटलं की संवादही खोटा वाटायला लागतो.

लिलावाचाच विषय निघालाय तर सांगते, तिथेही बोली पुकारणाऱ्याला सगळे टिपतात. पण बोली ज्याने थांबवली, ज्याने मान हलवून 'बस' केलं, त्याला शोधा. पुढच्या बोलीला तो येणार नाही हे त्याच्या खांद्यावरून कळतं.

एआयने केलेली चित्रं हल्ली खूप येतात. मी ती सरसकट टाकून देत नाही, पण तपासते: लुगडं कसं नेसलंय, होडीचा आकार, घराच्या छपराची कौलं, पाटीतला मासा. बांगडा म्हणून भलताच मासा असतो, होडी केरळातली नाहीतर परदेशातली असते, आणि दोन माणसं बोलताना एकमेकांकडे न बघता दोघंही आपल्याकडे बघून हसत असतात. संवादाच्या चित्रात नजर कुठे आहे हेच तर सगळं असतं. नजर चुकली तर चित्र बाद.

जिथे चित्राने स्पष्टच बोलायला हवं

आतापर्यंत म्हटलं की चित्राने निकाल सांगू नये. पण एका प्रकारात हे उलटं करावं लागतं. मच्छीमारांसाठीच्या सुरक्षेच्या पुस्तिका हल्ली संवादरूपात लिहितात, तांडेल आणि नवीन खलाशी, "जॅकेट घालूक व्हया काय?" "व्हया, आणि पट्टे बांधूक पण व्हये." इथे खलाशाचा विचारात पडलेला चेहरा उपयोगाचा नाही. जॅकेट नीट घातलेलं, पट्टे आवळलेले, बकल दिसतंय असंच चित्र हवं, कारण घाईत चित्र बघून माणूस तसं करणार आहे. तटरक्षक दलाचा १५५४ हा मदतीचा नंबर असेल तर तो फुग्यात दडवू नका, वेगळ्या चौकटीत मोठ्या अक्षरात द्या. सरकारी योजना, औषधं, विजेची कामं, सगळ्यांना हेच लागू. आधी ठरवा, वाचकाला इथे विचार करायचाय की तसं करायचंय.

परवानगी आणि फाईल

गुगलवर दिसलं म्हणजे फुकट नसतं. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या चित्रावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोवरचा हक्कही फोटो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. विकिमीडिया कॉमन्सवर वापरायला मोकळे फोटो मिळतात, पण प्रत्येकाखाली अट वाचा, बहुतेक ठिकाणी फोटो काढणाऱ्याचं नाव द्यावंच लागतं. गावातल्या कोणाचा फोटो असेल तर छापण्याआधी त्यांना पान दाखवा, नुसता फोटो नको, कारण शेजारी काय छापलंय त्याने फोटोचा अर्थ बदलतो. मुलांचे असतील तर आईवडिलांना विचारा.

आणि व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो. ते आकसून येतात, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल. छपाईला ३०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके, धरलं तर हा फोटो साडेतेरा सेंटिमीटरच्या आसपास छापता येतो, म्हणजे ए-५ पुस्तिकेत पानभर रुंदीला कसाबसा पुरतो. पण वर सांगितलं तसं आपण ऐकणाऱ्याचा चेहरा कातरून मोठा करणार, मग निम्मे पिक्सेल गेले आणि चेहऱ्याच्या जागी चौकोन चौकोन. म्हणून पाठवणाऱ्याला सांगायचं की फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर ड्राईव्हवर टाक. शाळेच्या पुस्तिकेची पुढे झेरॉक्स निघणार असते, त्यामुळे प्रूफची एक काळीपांढरी प्रत काढून बघा, रंगात छान दिसणारी नजर झेरॉक्समध्ये काळा ठिपका होते.

चित्राखालची ओळ

'मासे विकताना काकी' असं लिहू नका, ते दिसतंय. मी चित्राखाली संवादातलीच एक ओळ देते, आणि ती चित्रातल्या क्षणाच्या आधीची. चित्रात काकी गप्प आहे ना, मग खाली "धा? काल बारा दिलंस." उत्तराची ओळ द्यायची नाही, ती वाचकाने मजकुरात शोधावी.

शेवटची तपासणी

मजकूर न वाचलेल्या एका माणसाला फक्त चित्र दाखवा आणि विचारा, काय चाललंय? त्याला काहीच सांगता आलं नाही तर चित्र मुकं आहे, बदला. त्याने अख्खा संवाद शेवटासकट सांगितला तर चित्र फार बोलतंय, थोडा आधीचा क्षण घ्या. पण तो म्हणाला, 'मगे? पुढे काय झाला?' तर लावून टाका.

बांगड्यांचं चित्र मी शेजारच्या खानावळीतल्या मावशींना दाखवलं, त्या रोज सकाळी मासळी घेतात. हातातला अकरावा बांगडा त्यांनी बघितला, मग काकीची नजर बघितली आणि म्हणाल्या, "ही अकरा देतली." मजकुरात अकराचा कुठे उल्लेखच नव्हता, लेखकाने गोष्ट "कालचो भाव काल गेलो" वरच थांबवली होती. मी लेखकाला फोन केला, तो म्हणाला की असू दे, अकराच दिले असतील. चित्र ठेवलं, फक्त हात थोडा वर घ्यायला सांगितला, म्हणजे तो बांगडा अजून पाटीत पडलेला वाटणार नाही.